विणीच्या माळावर

फेब्रुवारीत सेरेंगेटीला निघालेल्या माणसाला ओळखीचे लोक हमखास सांगतात, मोसम चुकला. नदीत उड्या घेणारे विल्डबीस्ट आणि त्यांना पाण्यात ओढणाऱ्या मगरी पाहायच्या तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये जायला हवे. सल्ला खरा आहे, पण अपुरा. नदीकाठचे ते काही महिने सोडले तर या कळपांचे सगळे आयुष्य गवतात जाते, आणि फेब्रुवारीच्या आगेमागे असे काही आठवडे येतात की लाखो माद्या एकाच माळावर, जवळजवळ एकदमच वितात. हा विणीचा हंगाम पाहायला पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा एक लहान गट टांझानियात उतरला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात मात्र नदीच होती.

अरुशा शहर मागे पडले की रस्ता पश्चिमेला वळतो. शहरातल्या जुन्या दुकानांवर गुजराती आडनावे दिसतात, खानावळीत चपाती आणि चहा मिळतो. परदेशात आल्यासारखे फारसे वाटत नाही. ते वाटू लागते म्तो वा म्बू या गावाशी. भाताची खाचरे आणि केळीच्या बागा यांच्यामागे एकाएकी भिंतीसारखा कडा उभा राहतो. आफ्रिकेची भूमी जिथे दुभंगत चालली आहे त्या मोठ्या खचदरीचा हा पश्चिम काठ. गाडी वळणे घेत कडा चढते आणि वर कराटूची तांबडी माती लागते. इथे इराक्व लोकांची शेती आहे, गहू आहे, कॉफी आहे. शेतांचे बांध थेट न्गोरोंगोरोच्या जंगलाला जाऊन भिडतात. वन्यप्राण्यांचा मुलूख आणि माणसांचा मुलूख यांच्यामध्ये रिकामी जागा अशी नाहीच.

न्गोरोंगोरोचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंच आहे आणि सकाळी तो बहुधा धुक्यात असतो. धुके विरले की खाली सहाशे मीटरवर २६० चौरस किलोमीटरचे ताट दिसते. फार पूर्वी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. त्याचा माथा आत कोसळून हे विवर तयार झाले. दुर्बिणीतून पाहिले तर तळावर काळे ठिपके हलताना दिसतात. तेही विल्डबीस्टच, पण हे कुठे जात नाहीत. काठावरच्या जंगलातून वर्षभर पाणी झिरपते, दलदलीत गवत हिरवे राहते, मग यातायात करायची कशाला? स्थलांतर ही या प्राण्याची हौस किंवा अंगभूत खोड नाही, हे पहिल्याच दिवशी इथे दिसते. पाणी आणि हिरवा चारा एका जागी असेल तर तो मुकाट्याने बसून खातो.

काठावर रस्त्यालगत दगड रचून केलेली एक साधी समाधी आहे. मिखाएल ग्झिमेक हा जर्मन तरुण आणि फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक असलेले त्याचे वडील बर्नहार्ड या दोघांनी १९५८ साली झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून सेरेंगेटीतल्या प्राण्यांची पहिली हवाई मोजणी केली. त्यांच्या मोजणीत सुमारे ९९ हजार विल्डबीस्ट भरले. १० जानेवारी १९५९ रोजी विमानाला गिधाड धडकले आणि चोवीस वर्षांचा मिखाएल गेला. त्या दोघांनी केलेल्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले. १९८७ मध्ये वडील वारले, तेव्हा त्यांच्या अस्थीही इथेच आणल्या गेल्या. गाड्या समाधीपाशी जेमतेम मिनिटभर थांबतात. गटातल्या एका काकूंना तो ९९ हजारांचा आकडा खटकला. सगळीकडे तेरा लाख लिहिलेले असते, मग हे एवढे कमी कसे? वाटाड्या म्हणाला, “मामा, ते नाबीच्या टेकडीवर सांगतो.” वयस्क बाईला मामा म्हणणे ही तिथली आदराची रीत.

विवराच्या पश्चिम उतारावर जंगल संपते. उघड्या टेकड्यांवर मसाईंची कुंपण घातलेली बोमा-घरे आणि गुरे दिसू लागतात. हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, संरक्षित क्षेत्र आहे, आणि हा फरक कागदावरचा नाही. सेरेंगेटी उद्यान १९५१ साली झाले तेव्हा त्याच्या आत मसाई राहत होते. १९५९ मध्ये हद्दी नव्याने आखल्या गेल्या. मसाईंनी सेरेंगेटीचा माळ सोडायचा आणि त्याबदल्यात न्गोरोंगोरोत गुरांसह राहायचे, अशी ती वाटणी होती. उद्यानाच्या वाट्याला आज १४,७६३ चौरस किलोमीटर आहेत, न्गोरोंगोरो क्षेत्राच्या वाट्याला सुमारे ८,३००. तेव्हा काही हजार असलेली माणसे आता लाखाच्या आसपास आहेत, आणि २०२२ पासून सरकारने त्यांना शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा गावी हलवायला सुरुवात केली आहे. सरकार त्याला स्वेच्छेचे स्थलांतर म्हणते. मसाई संघटनांचे म्हणणे असे की शाळा, दवाखाने आणि पाणी यांचा पैसा अडवून माणसांना निघायला भाग पाडले जाते. रस्त्याकडेला लाल शुका पांघरून उभी असलेली पोरे गाड्यांना हात करतात. फोटोत ती चांगली दिसतात, त्यांच्या घराचा प्रश्न फोटोत येत नाही.

उतार संपतो तिथे ओल्डुवाईची घळ आहे. १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना इथे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची कवटी सापडली आणि माणसाच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांची नजर आफ्रिकेकडे वळली. जवळच्या लेटोलीत तर दोन पायांवर चालत गेलेल्यांच्या, छत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा आहेत. दोन्हीकडे हा ठेवा जपला तो राखेने. ज्वालामुखी फुटत गेले, राख थरावर थर चढवत गेली. घळीच्या कापात ते थर उघडे पडले आहेत आणि त्यांत माणसाच्या पूर्वजांबरोबर विल्डबीस्टच्या कुळातल्या प्राण्यांची हाडेही विपुल आहेत.

हीच राख पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. पूर्वेला ओल्दोन्यो लेंगाई हा मसाईंचा देवाचा डोंगर अजून जागा आहे. २००७-०८ मध्ये तो फुटला होता. त्याचा लाव्हा जगावेगळा. सोडा आणि चुन्याच्या जातीच्या क्षारांनी भरलेला, बाहेर पडताना काळा, आणि हवा लागली की थोड्या दिवसांत पांढरा पडणारा. त्याची आणि त्याच्या आधी विझलेल्या शेजाऱ्यांची राख पूर्वेच्या वाऱ्याने हजारो वर्षे या माळावर आणून टाकली. ओल्डुवाईजवळ या काळ्या राखेची चंद्रकोरीच्या आकाराची एक टेकडी आहे, ती वाऱ्याबरोबर वर्षाला सतराएक मीटर सरकते. मागे ती कधी कुठे होती ते दाखवायला सालांचे खांब रोवले आहेत. मूठभर राख उडवली तर ती पांगत नाही. कणांत लोहचुंबकत्व असल्याने एकमेकांना धरूनच खाली येते. गटातल्या मोठ्या माणसांनी हा खेळ लहान मुलांहून जास्त वेळ खेळला.

राखेतले क्षार पावसाबरोबर खाली मुरतात आणि हाता-दोन हातांवर चुनखडीचा कठीण पापुद्रा तयार करतात. झाडाचे मूळ तो भेदू शकत नाही. म्हणून दक्षिण सेरेंगेटीत मैलोन्‌मैल एक झाड नाही. उरते ते बोटभर उंचीचे गवत, हरळीसारखे जमिनीला चिकटून पसरणारे, आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर. उत्तरेला मारा नदीकडे पाऊस इथल्या दुप्पट पडतो, गवत कमरेएवढे वाढते, पण ते निकस असते. अंगावर पाजणाऱ्या मादीचे त्यावर भागत नाही. पावसाळ्याचे ढग दक्षिणेवर दिसताच कळप भरल्या नदीकाठचे रान सोडून या ओसाड वाटणाऱ्या माळाकडे का धावतात, हे कोडे शास्त्रज्ञांना बराच काळ होते. उत्तर बरेचसे या राखेत निघाले.

आणि मग या माळावरचे न्दुतू.

पहिला अनुभव आवाजाचा. गाडीचे इंजिन बंद केल्यावर चहूबाजूंनी एक घुमणारा, नाकातला हुंकार ऐकू येतो. हजारो गळ्यांतून, न थांबता, रात्रीसुद्धा. दुसरा वासाचा. ओले शेण, तुडवलेले गवत आणि गुरांच्या गोठ्यासारखी ऊब. नजरेला गणित शेवटीच जमते, कारण क्षितिजापर्यंत सगळीकडे तेच ते आहे आणि मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. वाटाडे या प्राण्याला स्वाहिलीत न्यूंबू म्हणतात आणि देवाने इतर जनावरांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तो बनवला, असा ठेवणीतला विनोद प्रत्येक गाडीत ऐकवतात. विनोद जरा अन्यायाचा आहे. रुंद, सपाट जबडा हा आखूड गवत एका घासात जास्तीत जास्त कापण्यासाठीच आहे. पुढून उंच आणि मागून उतरते शरीर बेढब दिसते खरे, पण बोट्स्वानात विल्डबीस्टच्या स्नायूंची चाचणी झाली तेव्हा तज्ज्ञ चकित झाले. खर्च झालेल्या ऊर्जेतली सुमारे ६३ टक्के या स्नायूंत प्रत्यक्ष कामी लागत होती. गाईच्या स्नायूत हाच आकडा ४२च्या आसपास. तिथल्या कडक उन्हात पाण्याचा थेंब न घेता पाच दिवसांत ऐंशी किलोमीटर चाललेले विल्डबीस्ट नोंदवले गेले आहेत. ओबडधोबड म्हणून हसावे असा हा प्राणी नाही.

विणीची वेळ साधारण सकाळ ते दुपार. कळपातून एखादी मादी थोडी बाजूला होते, बसते, उठते, पुन्हा बसते. पिल्लाचे पुढचे पाय बाहेर आलेले असतात. तेवढ्यात तरस दिसला तर ती त्याच स्थितीत उठून धावू शकते. डोके आणि खांदे बाहेर येईपर्यंत वीण थोपवून धरण्याची ताकद तिच्यात असते. मग एका क्षणी फिकट तपकिरी रंगाचे ओले गाठोडे गवतात पडते. पुढची काही मिनिटे गाडीतले सगळे श्वास रोखून बसतात. पाडस उठते, पडते, पुन्हा उठते, तोंडावर आपटते. दहा मिनिटांच्या आत ते चार पायांवर उभे असते, आणि दोन-तीन दिवसांत कळपाच्या वेगाने पळू लागते. शेजारच्या गॅझेल हरणांची रीत अगदी वेगळी. त्यांची आई पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते. विल्डबीस्टला इथे दडायला गवतच नाही, म्हणून जन्मताच पळणे भाग आहे.

रिचर्ड एस्टिस या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात न्गोरोंगोरोच्या विवरात तळ ठोकून विल्डबीस्टचा अभ्यास केला. त्याच्या नोंदींतून विणीच्या या घाईचे कारण स्पष्ट झाले. सुमारे ऐंशी टक्के माद्या दोन-तीन आठवड्यांत वितात. भर हंगामात रोज हजारो पाडसे जमिनीवर पडतात. तरस, सिंह, चित्ते, कोल्हे खाऊन खाऊन किती खाणार? जी मादी हंगामाच्या आधी किंवा नंतर विते, जी लहान टोळीत विते, तिचे पाडस वाचण्याची शक्यता फार कमी. असा नेम साधायचा तर आठ महिने आधी माजही एकदमच यावा लागतो. मे-जूनमध्ये, वायव्येकडे निघालेल्या वाटेवर, तो तसाच येतो. नर चालता-चालता तात्पुरती हद्द आखतात, हुंकारतात, एकमेकांवर शिंगे टेकवतात, आणि कळप पुढे सरकला की हद्द टाकून मागे धावतात.

चुकामूक झालेली पाडसे हे या माळावरचे खरे दुःख. आईला वासाने आपले पिल्लू कळते, पण पिल्लाला पहिल्या दिवसात जे मोठे आणि हलते दिसेल तेच आपले वाटते. असे एक पाडस गाडीच्या मागे लागले. गाडी थांबली की थांबे, निघाली की धापा टाकत येई. वाटाड्याने गाडी हळूहळू कळपाच्या मधोमध नेली आणि पाडस गर्दीत मिसळताच वेग वाढवला. ती गर्दी त्याला पत्करणार नव्हती. विल्डबीस्टची मादी दुसऱ्याच्या पिल्लाला शिंगाने दूर लोटते. गाडीत कुणी विचारले, उचलून सोबत घेता येणार नाही का? येणार नाही. तसा नियमही आहे आणि तरसांचीही पिल्ले आहेत. अशी पाडसे तरसाच्याही मागे जाताना पाहिल्याच्या नोंदी आहेत.

एवढा हिरवा चारा आणि त्यावर मसाईंचे एकही जनावर नाही, हे खेड्यातून आलेल्या एका गृहस्थांच्या नजरेतून सुटले नाही. माळाचा हा भाग न्गोरोंगोरो क्षेत्रात मोडतो, चराईला इथे बंदी नाही. पण विल्डबीस्टच्या पाडसांच्या नाकातून एक विषाणू पसरतो. तो त्यांना काही करत नाही, गाईला मात्र मारतो, आणि त्या रोगावर उपाय नाही. म्हणून विणीच्या दिवसांत, ऐन पावसाळी हिरवळीवेळी, मसाई आपली गुरे उचलून डोंगराकडच्या हलक्या कुरणात नेतात. वर्षातला सगळ्यात सकस चारा जंगली जनावरांसाठी सोडून द्यायचा आणि आपल्या गाई आटलेल्या पाहायच्या, हा खर्च पर्यटनाच्या कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. टांझानियाच्या परकीय चलनात पर्यटनाचा वाटा सुमारे चौथ्या हिश्श्याचा आहे, हे इथे आठवायला हरकत नाही.

न्दुतूहून उत्तरेला गेले की सपाटीतून नाबीची टेकडी वर येते. सेरेंगेटी उद्यानाचे फाटक इथे आहे. टेकडीवर चढले की चहूकडचा माळ एका दृष्टीत मावतो. काकूंना दिलेला शब्द वाटाड्याने इथे पाळला, आणि त्याने जी गोष्ट सांगितली ती बुळकांडीची होती.

गुरांचा हा रोग भारतात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. १८८९ साली ब्रिटिश सरकारने पुण्यात जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा काढली ती मुख्यतः त्याच्याचसाठी. काही वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तिथेच आहे. सहारापलीकडच्या आफ्रिकेला मात्र हा रोग नवा होता. १८८७ मध्ये इटालियन फौजेसाठी लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात गुरे उतरवली गेली. ती भारतातून आणलेली होती, असे बरेच इतिहासकार मानतात. त्यांच्याबरोबर बुळकांडी आली आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. वाटेत बहुतेक गुरे मेली. मसाईंचे सगळे जगणे गुरांवर. १८९२ साली या भागातून गेलेल्या ऑस्कर बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाने न्गोरोंगोरोजवळ भुकेने हाडांचे सापळे झालेले मसाई पाहिले आणि लिहून ठेवले. रोगाने रेडे आणि विल्डबीस्टही मारले. साथ ओसरली तरी गाईंकडून विल्डबीस्टकडे रोग पुन्हा पुन्हा येत राहिला. वर्ष-दीड वर्षाची पिल्ले दरसाल मरत, आणि जंगलातला हा नित्याचा मृत्यू आहे असेच सगळे समजत.

ग्झिमेकांचा आकडा त्या काळातला. मोजणीत काही कळप सुटले असतील, कारण १९६१ मध्ये अडीच लाखांहून थोडे अधिक विल्डबीस्ट मोजले गेले. दरम्यान केनियात मुगुगाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लाउराइट यांनी बुळकांडीची स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली. आजूबाजूच्या गुरांना लस टोचली गेली, जंगली जनावरांना कुणी हातही लावला नाही. १९६३ नंतर सेरेंगेटीच्या विल्डबीस्टमधून रोग नाहीसा झाला. १९७७ पर्यंत त्यांची संख्या तेरा-चौदा लाखांवर गेली होती. भारतात बुळकांडीचा शेवटचा रोगी १९९५ मध्ये सापडला. जगातून तो २०११ साली गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

पोस्टरवर ज्याला अनादि काळापासूनचे दृश्य म्हणतात, ते आजच्या रूपात साठ-एक वर्षांचे आहे. नाबीवर उभे राहून हे ऐकताना माळ बदलल्यासारखा वाटतो. गाईला टोचलेल्या सुईतून हे तेरा लाख उभे राहिले.

तेरा लाख हा आकडाही आता वादात आहे. विमानातून काही पट्ट्यांतले प्राणी मोजून तो काढला जातो. २०२५ मध्ये उपग्रहाची छायाचित्रे संगणकाकडून वाचून घेणाऱ्या एका अभ्यासाने सहा लाखांपेक्षाही कमी संख्या काढली. झाडाखालचे प्राणी उपग्रहाला दिसत नाहीत, काही कळप चौकटीबाहेर असणार, हे आक्षेप आहेतच. वाद मिटेपर्यंत वाटाडे तेरा लाखच सांगणार.

उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या सेरोनेराकडे जाताना माळ हळूहळू मोडतो. कठीण पापुद्रा खोल जातो आणि बाभळीच्या जातीची सपाट माथ्याची झाडे दिसू लागतात. मधूनमधून काळ्या-करड्या खडकांच्या राशी वर येतात. राखेच्या समुद्रातून डोके काढणारे हे अतिप्राचीन ग्रॅनाइट. त्यांच्यावर सिंह ऊन खातात, आणि मोरूच्या खडकांत मोरानांनी, म्हणजे तरुण मसाई योद्ध्यांनी, लाल, पांढऱ्या, काळ्या रंगांत काढलेल्या ढालींची चित्रे अजून शाबूत आहेत. ज्यांनी ती काढली त्यांना १९५९ साली येथून जावे लागले.

ही झाडेही त्याच सुईशी जोडलेली आहेत. विल्डबीस्ट थोडे होते तेव्हा गवत उभे वाळायचे आणि दरवर्षी वणव्यात मोठा मुलूख जळायचा, त्यात रोपे जायची. कळप वाढले, गवत पोटात गेले, वणवे घटले, नवी झाडे वाढू लागली. पूर्वी धूर होऊन हवेत जाणारा कार्बन शेणकिड्यांच्या मदतीने जमिनीत मुरू लागला. सेरेंगेटी कार्बन सोडणारे रान होते, ते साठवणारे झाले, असा हिशेब संशोधकांनी २००९ मध्ये मांडला. पाठ्यपुस्तकात सिंह शिखरावर असतो. इथला कारभार मात्र चरणाऱ्यांच्या तोंडी आहे. त्यांच्या मृत्यूचेही तसेच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात मेलेल्या विल्डबीस्टपैकी चारातले तीन उपासमारीने गेलेले आढळले. उन्हाळ्यातल्या गवताने संख्या ठरते, सिंहांनी नव्हे.

पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे कळप मे-जूनमध्ये जातात. फेब्रुवारीत तिकडे जायचे प्रयोजन नव्हते. उद्यानाच्या तिकडच्या हद्दीवरच्या गावांत विल्डबीस्टचे मटण गुरांच्या मटणापेक्षा स्वस्त मिळते आणि तारेच्या फासात दरवर्षी हजारो जनावरे जातात, एवढे मात्र सेरोनेरात ऐकायला मिळते.

गटातल्या नदीवाल्यांचा हट्ट अखेर पुरा झाला. उत्तरेला कोगाटेंडेजवळ मारा नदी पाहायला गाडी गेली. इकडचा मुलूख डोंगराळ आणि हिरवागार. गवत इतके उंच की सिंह चार हातांवर असला तरी दिसू नये. कळप दूर दक्षिणेला होते. नदी गढूळ, संथ, काठावर पाणघोड्यांची घुरघुर. उतारांवर खुरांनी कापलेल्या घळी मात्र स्पष्ट दिसत होत्या आणि वळणावरच्या वाळूत हाडांचा खच होता. टीव्हीवर सगळे दृश्य मगरीचे असते. अमांडा सुबालस्की आणि सहकाऱ्यांनी या नदीचा जो हिशेब २०१७ मध्ये छापला त्यात मगरीला फारच थोडे मिळते, जेमतेम दोन टक्के. वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्ट इथे बुडून मरतात, बहुतेक चेंगराचेंगरीत आणि चढ न सापडल्याने. हे अकराशे टन मांस. काही गिधाडे आणि माराबू करकोचे खातात, बरेचसे कुजून पाण्यात विरघळते, मासे त्यावर पोसतात, आणि हाडे सात-सात वर्षे फॉस्फरस सोडत राहतात. दक्षिणेत राखेतून गवतात आणि गवतातून दुधात गेलेला फॉस्फरस असा दीडशेएक किलोमीटरवर नदीत येऊन पडतो. तेरा लाखांच्या कळपात सहा हजार म्हणजे अर्धा टक्का. कळपाच्या दृष्टीने नदी ही किरकोळ अडचण आहे.

मोठी अडचण नदीपलीकडे सुरू होते. पाण्याच्या त्या बाजूला काही किलोमीटरवर केनियाची हद्द आहे. मसाई मारा राखीव क्षेत्र जेमतेम दीड हजार चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या ईशान्येला लोइटाचे माळ आहेत. तिथे विल्डबीस्टचा एक वेगळा, केनियाचा स्वतःचा कळप होता. तो विणीला लोइटात जाई आणि उन्हाळ्यात माराला येई. १९७७ मध्ये त्यात सुमारे १ लाख १९ हजार प्राणी होते, वीस वर्षांनी २२ हजार उरले. शिकारीने किंवा रोगाने नव्हे. लोइटात गव्हाची मोठी शेते झाली, सामाईक जमिनी वाटल्या गेल्या, मालकांनी आपापल्या तुकड्याला तार घातली आणि विणीचा माळच बंद झाला. टांझानियातही २०१० मध्ये उत्तर सेरेंगेटीतून पक्का रस्ता नेण्याची योजना होती. विल्डबीस्टची वाट त्याने मधोमध कापली असती. पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ साली तो रस्ता बेकायदा ठरवला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना राहणाऱ्या लोकांची पक्क्या रस्त्याची गरज त्याने संपली नाही.

माराच्या उत्तरेला २००५ नंतर एक नवी व्यवस्था रुजली आहे. शेजारशेजारचे मसाई जमीनमालक आपले तुकडे एकत्र करून पर्यटन छावण्यांना भाड्याने देतात. तार काढायची, नेमलेल्या काळातच गुरे चारायची, आणि एकराच्या हिशेबाने दरमहा पैसे घ्यायचे. त्यामुळे काही वाटा पुन्हा मोकळ्या झाल्या. पण हे भाडे सगळे पाहुण्यांच्या खिशातून येते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे विमाने थांबली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते कापावे लागले. गुरांचे कर्ज आणि पोरांची फी असलेल्या माणसाला पर्यटनाचा हंगाम सोडून दुसरे उत्पन्न काय, हे विचारायला कोगाटेंडेच्या पुलावर कुणी मसाई नव्हते. एक वनरक्षक होता. कळप उत्तरेला कधी येतील, या प्रश्नावर त्याने दक्षिणेच्या आभाळाकडे पाहिले आणि पाऊस कधी थांबतो त्यावर आहे, असे सांगितले.